एक्स-टेन्सो स्मूदनिंग: कोरड्या, पिंजारलेल्या केसांना कितपत मानवतं?

लॉरिअलचं एक्स-टेन्सो आपल्याकडच्या सलूनमध्ये इतकं रुळलंय की 'स्मूदनिंग', म्हणजे रसायनाने केस सरळ करणं, म्हटलं की बऱ्याचदा तीच ट्यूब किंवा त्याच जातीची दुसरी क्रीम बाहेर येते. निकाल आधीच सांगायचा तर आकार बदलण्याचं काम ती चोख करते. कोरडेपणा मात्र घालवत नाही, उलट वाढवते. कुरळ्या केसांच्या या दोन वेगळ्या तक्रारी एकच समजल्या जातात आणि फसगत तिथूनच सुरू होते.

कुरळा केस मुळातच कोरडा असतो, कारण डोक्याच्या त्वचेचं तेल त्या वळणांवरून टोकापर्यंत पोचत नाही. पावसाळ्यात हवेतला ओलावा शोषून तो पिंजारतो. साधं प्रेसिंग जून ते सप्टेंबर टिकत नाही ते यामुळेच. एक्स-टेन्सोसारखी थायोग्लायकोलेट (थायो) या रसायनाची क्रीम साध्या प्रेसिंगपेक्षा खोल जाते आणि केराटिनमधले, म्हणजे केस ज्या प्रथिनाचा बनतो त्यातले, गंधकाचे बंध तोडते. मग केस प्रेसने सरळ करायचा आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या न्यूट्रलायझरने बंध पुन्हा जोडायचे. तुटलेले सगळे बंध मात्र परत जुळत नाहीत. अल्कधर्मी क्रीमने केस फुगतो, वरचे खवले उघडतात आणि ते पूर्वीसारखे घट्ट बसत नाहीत. म्हणून स्मूदनिंगनंतरचा केस चमकतो, पण पाणी लवकर पितो आणि तितक्याच लवकर कोरडा पडतो. चमक सरळपणाची असते. ती पोषणाची समजून लोक तेल-कंडिशनर बंद करतात, हे सगळ्यात वाईट.

ही क्रीम नॅचरल, रेझिस्टंट आणि सेन्सिटाइज्ड अशा वेगवेगळ्या ताकदीत येते. दाट, जाड, कधीही न रंगवलेल्या कुरळ्या केसांना रेझिस्टंट, रंगवलेल्यांना सेन्सिटाइज्ड. ब्लीच केलेल्या केसांना कुठलीच नको. सलूनमध्ये एकच ट्यूब सगळ्यांना लावत असतील तर तिथून उठलेलं बरं.

खुर्चीत बसण्याआधी दोन चाचण्या मागून घ्याव्यात. ओला केस हलका ताणून सोडायचा. निरोगी ओला केस साधारण तीस टक्के लांबतो आणि परत येतो. च्युइंगमसारखा लांबतच गेला किंवा तटकन तुटला तर स्मूदनिंग नको. दुसरी चाचणी मेंदीवाल्यांसाठी. शुद्ध मेंदीचा थर क्रीमला आत जाऊ देत नाही, त्यामुळे केस कुठे सरळ, कुठे तसाच राहतो. पण काही मिश्र मेंदी आणि केशरंगांत धातूंचे क्षार असतात, ते पेरॉक्साइडला भिडले की केस अक्षरशः तापतो. मानेजवळची छोटी बट कापून २० व्हॉल्यूम, म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइडमध्ये अमोनियाचे थोडे थेंब टाकून अर्धा तास ठेवायची. बुडबुडे आले, भांडं कोमट झालं किंवा बटेचा रंग पालटला तर तो भाग कापला जाईपर्यंत थांबायचं.

प्रत्यक्ष काम चार ते सहा तासांचं. कंडिशनर न लावता खोल सफाईचा शाम्पू, तोही नखं न लावता, कारण ओरखड्यावर क्रीम लागली की त्वचा भाजते. केस वाळवून चार भाग करायचे, अर्ध्या ते एक सेंटिमीटरच्या पातळ पाती घेत मानेकडून सुरुवात करायची. मुळाशी एक सेंटिमीटर जागा मोकळी. कधीच ट्रीटमेंट न केलेल्या केसांत आधी मधली लांबी, मग मुळाकडचा भाग, टोकं शेवटी, कारण ती जुनी आणि आधीच झिजलेली असतात. खांद्यापर्यंतच्या दाट केसांना दीड-दोनशे ग्रॅम क्रीम सहज लागते. यात काटकसर केली की मधल्या पाती कुरळ्या राहतात.

वेळ घड्याळाने ठरत नाही. पाकिटावरची मर्यादा ही कमाल, पण दर पाच मिनिटांनी टेल कोंबच्या (निमुळत्या दांडीच्या कंगव्याच्या) दांडीवर बट गुंडाळून पाहायची. उसळून परत कुरळी झाली तर कच्ची, गुंडाळल्या आकारात निपचित राहिली तर तयार. पुढच्या कपाळाच्या बारीक केसांचं काम इतरांच्या आधी होतं. तिथे क्रीम शेवटी लावायची हे न पाळल्यामुळे कपाळाशी तुटके केस उभे राहिलेले दिसतात.

मग धुणं. दोन मिनिटांत उरकणारी सलून पुष्कळ, लागतात मात्र आठ-दहा मिनिटं. उरलेली क्रीम प्रेसखाली भाजते आणि पुढे पेरॉक्साइडशी मिळून उष्णता सोडते.

सगळ्यात जास्त केस जातात ते मात्र प्रेसिंगमध्ये. केस शंभर टक्के कोरडा असायलाच हवा. आत पाणी राहिलं तर प्रेसखाली त्याची वाफ होऊन केसात बुडबुडे फुटतात. चर्र आवाज आणि वाफ दिसली की समजायचं. कोरड्या, बारीक केसांना १६० ते १८० अंश पुरे, जाड आणि हट्टी केसांना २०० च्या आसपास. पातळ पाती घेऊन दोन-तीन फेऱ्या. २३० वर लावून एकाच फेरीत आटपायचा मोह घातक, कारण बंध तुटलेला केस नेहमीच्या केसाइतका ताप सोसत नाही. न्यूट्रलायझर मुळापासून टोकापर्यंत भरपूर लावायचा, केस दुमडू न देता, आणि पाकिटावरची वेळ पूर्ण द्यायची. इथे घाई झाली तर दोन-तीन आठवड्यांत लाटा परत येतात आणि दोष ग्राहकाच्या शाम्पूवर ढकलला जातो.

'मग केराटिनच का नको, ते तर पोषण देतं' हा हमखास प्रश्न. केराटिन ट्रीटमेंट बंध तोडत नाही, थर चढवते. तीन-चार महिन्यांत उतरते. पिंजारलेपणा कमी होतो, घट्ट कुरळे केस सरळ होत नाहीत. पण त्यातल्या अनेकांत फॉर्मल्डिहाइड किंवा ताप लागल्यावर ते सोडणारे घटक असतात. फॉर्मल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत टाकलं. 'फॉर्मल्डिहाइड-मुक्त' म्हणून आलेल्या ग्लायऑक्झिलिक आम्लाच्या क्रीमनंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तसं एक प्रकरण छापून आलं. डब्यावरचे घटक वाचल्याशिवाय डोकं पुढे करू नये. २०२२ च्या अमेरिकन 'सिस्टर स्टडी' या अभ्यासात वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा स्ट्रेटनर, म्हणजे केस सरळ करणारी उत्पादनं, वापरणाऱ्या बायकांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आढळलं. त्यात सगळे स्ट्रेटनर एकत्र मोजलेत, त्यामुळे दोष अमुक ब्रँडचा असं म्हणता येत नाही, पण वारंवार करू नये एवढं नक्की. गरोदरपणात टाळलेलंच बरं.

नंतरचे तीन दिवस केस न धुणं, न बांधणं, कानामागे न अडकवणं हे सगळे सांगतात. त्यापुढे सल्फेट-मुक्त शाम्पू आठवड्यातून दोनदा, दर धुण्याला कंडिशनर, आठवड्याला एक मास्क. बोअरच्या जड पाण्यात केस राठ होतात, शेवटचे दोन तांबे तरी गोड्या पाण्याचे घ्यावेत. खोबरेल तेल आठवड्यानंतर धुण्याआधी तासभर चालतं.

'पर्मनंट' हा शब्द फक्त क्रीम लागलेल्या लांबीपुरता खरा. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे सहा महिन्यांत सात-आठ सेंटिमीटर कुरळी मुळं आणि खाली सरळ लांबी. त्या सांध्यावरच केस तुटतात. टच-अपला क्रीम फक्त नव्या वाढीवर, जुन्या सरळ केसांना तेलकट संरक्षक लावून वेगळं बांधून ठेवायचं. 'एकसारखं दिसावं म्हणून पूर्ण लांबीवर फिरवूया' असं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणावं. आधी सोडियम हायड्रॉक्साइडचा रिलॅक्सर, म्हणजे केस सरळ करणारी वेगळ्या रसायनाची क्रीम, लावला असेल, तर त्या केसांवर ही थायोची क्रीम अजिबात नाही.