डहाळ्या, दगड की पाचोळा?

आजूबाजूला पडलेल्या साहित्यातून मांडणीशिल्प (जागेवरच वस्तू मांडून केलेलं शिल्प) करायचं म्हटलं की बहुतेकांचं आधी आकारावरून सुरू होतं: घरटं करू, सर्पिल करू. मी आधी दोनच गोष्टी विचारेन. ते किती दिवस राहायला हवं? आणि लोक त्याला हात लावणार का? (लावतातच. 'स्पर्श करू नये' अशी पाटी असली तर जरा जास्तच.)

एका दुपारचं काम असेल तर पानं. अँडी गोल्ड्सवर्दी हा ब्रिटिश कलावंत पानं काट्यांनी एकमेकांना टाचतो. गोंद नाही, दोरा नाही. रंगांचा असा खेळ दुसऱ्या कशातच जमत नाही. पण ताजं पान उन्हात काही तासांत आक्रसतं, वारा सुटला की तेवढंही थांबत नाही. फोटो काढण्यापुरतं हवं असेल तर उत्तम, आठवडाभराच्या प्रदर्शनाला मात्र नको.

दगड याच्या अगदी उलट. रॉबर्ट स्मिथसन या अमेरिकन कलावंतानं १९७० मध्ये अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकमध्ये बसाल्टची सुमारे ४६० मीटर लांबीची सर्पिल वाट घातली. पाणी चढलं, ती कित्येक वर्षं बुडून राहिली आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा वर आली. अर्थात त्याच्याकडे ट्रक होते, आपल्याकडे कंबर आहे. मुलं येणार असतील तर दगडांचे मनोरे रचूच नका, जमिनीवर पसरून मांडा. ओढ्यातले दगडही नकोत, त्यांच्याखाली किड्या-खेकड्यांचं घर असतं.

पहिल्यांदाच करणाऱ्याला मी डहाळ्याच सुचवेन. हलक्या असतात, चार जणांना एकत्र हात घालता येतो आणि चुकलं तर उपसून पुन्हा विणता येतं. अमेरिकेतला शिल्पकार पॅट्रिक डॉअर्टी कोवळी रोपटी नि फांद्या वाकवून, एकमेकांत अडकवून माणूस आत शिरेल एवढ्या वास्तू उभ्या करतो. त्या साधारण दोन वर्षं टिकतात. गोम आहे ती ओलाव्यात. ओली डहाळी वाकते, वाळलेली कडकन मोडते. म्हणून छाटणीची ओली फांदी मिळाली की त्याच दिवशी कामाला घ्या. मात्र ओल्या फांद्या वाळताना बारीक होतात, घट्ट मारलेल्या गाठी सैल पडतात. त्यामुळे भिस्त गाठीवर नको, विणीवर हवी: प्रत्येक डहाळी निदान तीन ठिकाणी अडकलेली. मुख्य खांब हातभर तरी जमिनीत गेले पाहिजेत.

माती मोहात पाडते, पण वाळताना तडकते आणि पहिल्याच पावसात विरघळते. तिच्यात चिरलेलं गवत मळून ती डहाळ्यांच्या सांगाड्यावर लिंपली तर तडे कमी जातात. छप्पर असेल तरच हा खटाटोप करा.

बांधायचं झालंच तर सुतळीनं. नायलॉनची दोरी मजबूत असते खरी, पण शिल्प कुजून गेल्यावर ती तेवढी गवतात उरते आणि पाखरांच्या पायात अडकते.