पामर आला कुठून? फुटबॉलच्या क्लब विश्वचषक 2025 च्या अंतिम सामन्याचं प्रक्षेपण

सामन्याला पाच तारे, प्रक्षेपणाला तीन. सामना तुम्हाला माहीत असेलच. 13 जुलै 2025, न्यू जर्सीतलं मेटलाइफ स्टेडियम, चेल्सी 3, पॅरिस सेंट जर्मेन 0. तिन्ही गोल मध्यंतराआधी. त्या सामन्याबद्दल भरपूर लिहून झालंय. तो आपल्यापर्यंत ज्या चित्रांतून पोहोचला त्यांच्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हे लिहितेय. कुठलंही ॲप लावा किंवा कुठलंही चॅनेल, समालोचनाची भाषा बदलते, पण चित्रं जगभर तीच असतात. कॅमेरे कुठे ठेवायचे, कुठली फ्रेम कधी दाखवायची हे एकाच ठिकाणी ठरतं. तेव्हा हा अभिप्राय त्या चित्रांचा आहे, तुमच्या ॲपचा नाही.

माझा चष्मा कुठला ते आधी सांगते. कॉलेजात मी लेफ्ट-बॅक, म्हणजे डाव्या बाजूची बचावपटू, म्हणून खेळायचे, आता चौदा वर्षांखालच्या मुलींना शिकवते. त्यामुळे चेंडू कुणाकडे आहे यापेक्षा माझ्या बाजूचा बॅक कुठे उभा आहे याकडे डोळे आधी जातात. ही सवय घेऊन हा सामना पाहायला बसलात तर प्रक्षेपण तुम्हाला छळतं. कारण ही फायनल चेंडू नव्हता तिथे जिंकली गेली, आणि कॅमेरा नव्वद मिनिटं चेंडूच्या मागे होता.

पॅरिसचा संघ त्या दिवशी कुठल्या तोऱ्यात आला होता ते आठवा. मे महिन्याच्या शेवटी म्युनिकमध्ये इंटरला 5-0 ने लोळवून त्यांनी चॅम्पियन्स लीग घेतली होती. या स्पर्धेत अॅटलेटिको माद्रिदला चार गोल, इंटर मायामीला चार, उपांत्य फेरीत रेआल माद्रिदला चार. सहा सामन्यांत त्यांच्यावर एकच गोल झाला होता, तोही गटातल्या सामन्यात, बोताफोगोकडून. दुसरीकडे चेल्सी गटात फ्लामेंगोकडून 3-1 ने हरून, पडतझडत वर आलेली. अशा संघावर चेल्सीने 43 मिनिटांत तीन गोल केले. हे कसं झालं, हेच तर बघायचं होतं ना?

सुरुवातीचा तमाशा मी पुढे ढकलला. या स्पर्धेत अमेरिकन खेळांसारखं एकेका खेळाडूचं नाव पुकारून त्याला मैदानात आणायचे. टीव्हीवर ते बरं दिसतं, चेहरे नीट कळतात. माझ्या मुलींना आवडलं. मला दोन्ही संघ शेजारीशेजारी चालत येतात तेच बरं वाटतं, पण हा वयाचा दोष असेल.

आता पहिला गोल, 22 वं मिनिट. चेल्सीचा गोलकीपर रॉबर्ट सांचेझ चेंडू उजव्या बाजूला लांब मारतो. पॅरिसचा लेफ्ट-बॅक नूनो मेंडेसचा अंदाज चुकतो आणि चेंडू त्याला ओलांडून चेल्सीच्या राइट-बॅक मालो गुस्तोकडे जातो. गुस्तोचा फटका पॅरिसचा बचावपटू बेराल्दो अडवतो, चेंडू पुन्हा गुस्तोकडेच येतो. तो शांतपणे मागे सरकवतो आणि तिथे कोल पामर उभा. डावा पाय, जमिनीलगत, गोल. मुलींना प्रोजेक्टरवर दाखवत होते तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, हा पामर आला कुठून?"

मी मागे नेऊन दाखवायला गेले आणि लक्षात आलं, दाखवायला काही नाहीच. सांचेझ चेंडू मारतो तेव्हा फ्रेममध्ये सांचेझ आणि त्याच्या आसपासची माणसं. चेंडू हवेत उडाला की कॅमेरा त्याच्यामागे जातो, खाली येतो तोवर पामर आपल्या जागेवर पोहोचलेला असतो. रिप्ले आले, भरपूर आले. पामरचा पाय जवळून, पॅरिसचा गोलकीपर डोन्नारुम्मा याची झेप मागून, पामरचं ते थंडी वाजल्यासारखे दंड चोळणं. सगळं झकास, पायाखालचं गवत मोजता येईल इतकं स्पष्ट. पण रिप्ले सुरू होतात गुस्तोच्या फटक्यापासून. गोल त्याच्या आधीच तयार झाला होता. मेंडेस किती पुढे गेला होता, बेराल्दोला मध्य सोडून बाहेर का यावं लागलं, पामरला सोडून कोण गेलं, हे एका उंच, रुंद फ्रेममध्ये पाच सेकंदांत कळलं असतं.

शेवटी खडू घेतला आणि फळ्यावर काढून दाखवलं. चेल्सीचे तेव्हाचे प्रशिक्षक एन्झो मारेस्का यांनी सामन्यानंतर सांगितलंच होतं की पॅरिसला श्वास घ्यायला जागा द्यायची नाही, माणसामागे माणूस लावायचा, आणि पामर व गुस्तो ज्या बाजूला आहेत तिथे जास्त माणसं जमवायची असं ठरलं होतं. रीस जेम्स मुळातला राइट-बॅक, त्याला मधल्या फळीत कायसेडोच्या शेजारी उभं केलं होतं. मेंडेसला पुढे जायला आवडतं हे जगाला ठाऊक आहे, पॅरिसचं अर्धं वैभव त्याच्यावर आणि राइट-बॅक हकिमीवर उभं आहे. तो पुढे गेला की मागे जी रिकामी जमीन राहते ती चेल्सीने सात-बारा आपल्या नावावर असल्यासारखी वापरली. त्यात डाव्या सेंटर-बॅकच्या जागी नेहमीचा विल्यन पाचो नव्हता. बायर्नविरुद्ध लाल कार्ड मिळाल्याने तो बाहेर बसला होता आणि बेराल्दो खेळत होता. एवढी सरळ गोष्ट आहे, फक्त ती प्रक्षेपणातून कळत नाही. आधीच माहीत असलेल्याला दिसते.

दुसरा गोल आठ मिनिटांनी, आणि तोच धडा पुन्हा. यावेळी लांब चेंडू सेंटर-बॅक लिव्हाय कोलविलचा. पामर उजवीकडे घेतो, आत वळतो, आघाडीवरच्या जोआव पेद्रोच्या धावेमुळे बचाव खेचला जातो, पामर फटक्याचा आव आणतो, थांबतो, मग मारतो. जवळजवळ पहिल्यासारखाच गोल. इथे कॅमेऱ्याचं भलं झालं, कारण पामर बराच वेळ चेंडूसह धावला आणि त्यामुळे पेद्रोची धाव फ्रेममध्ये सापडली. हा रिप्ले मी मुलींना पुन्हा पुन्हा दाखवला. पामरसाठी नाही, पेद्रोसाठी. चेंडू मिळणार नाही हे माहीत असूनही जो पूर्ण वेगाने धावतो त्याची ती धाव. त्या मुलाला चेल्सीने स्पर्धा सुरू असतानाच ब्रायटनकडून घेतलं होतं. उपांत्य फेरीत फ्लुमिनेन्से या आपल्या लहानपणीच्या क्लबवर त्याने दोन गोल केले आणि साजरे केले नाहीत. अंतिम सामन्यात 43 व्या मिनिटाला पामरने दिलेला चेंडू त्याने डोन्नारुम्मावरून अलगद उचलून टाकला. एवढा उंच गोलकीपर पुढे येत असताना वरून टाकायचं सुचणं, आणि जमणं! इथे गोलच्या मागचा रिप्ले लाजवाब आहे. प्रक्षेपणाच्या तीन ताऱ्यांतला एक पूर्ण तारा त्याचा.

दुसरा तारा आवाजाचा. स्टेडियममध्ये 81,118 माणसं होती. त्यांचा गोंगाट ठेवूनही गोलकीपरच्या हाका ऐकू येतात, चेंडूवर पाय बसल्याचा आवाज येतो. शक्य असेल तर समालोचन बंद करून पाहा. सांचेझ बचावाला काय ओरडतोय ते शब्दाशब्दात कळत नाही, पण कधी ओरडतो हे कळतं, आणि गोलकीपर होऊ पाहणाऱ्या मुलांसाठी तेवढं पुरे. या सामन्यात सांचेझने पॅरिसच्या दुएला, देम्बेलेला, व्हितिन्याला गोल नाकारला. पॅरिसकडे चेंडूचा ताबा साधारण दोन तृतीयांश वेळ होता. 3-0 हा आकडा ऐकून कुणाला वाटेल चेल्सी आरामात जिंकली, तर तसं नव्हतं. मध्यंतरानंतर देम्बेलेचा जवळून आलेला फटका सांचेझने अडवला नसता तर उरलेला सामना वेगळा गेला असता. स्पर्धेतला उत्तम गोलकीपर म्हणून त्याचं नाव जाहीर झालं ते योग्यच. पामर उत्तम खेळाडू ठरला, त्याबद्दल तर वादच नाही.

आता ज्याबद्दल मी खरी चिडले आहे तो पेद्रो नेतो. हा चेल्सीचा विंगर, म्हणजे कडेने खेळणारा आक्रमक. त्याने हकिमीच्या मागे परत धावत जाऊन जे काम केलं ते या चित्रांत तुकड्यातुकड्यांनीच सापडतं. कॅमेरा दुसऱ्या बाजूला असतो, चेंडू इकडे येतो तेव्हा नेतो आधीच जागेवर असतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं हा इथेच उभा होता. हकिमी त्या दिवशी दिसला नाही असं लोक म्हणतात. दिसला नाही कारण नेतो आणि चेल्सीचा लेफ्ट-बॅक मार्क कुकुरेया यांनी त्याला दिसू दिलं नाही. सामना कोरा असताना दुएने स्वतः मारायचं सोडून चेंडू हकिमीकडे सरकवला आणि कुकुरेयाने मध्येच पाय घातला, तो क्षण आठवतोय? निवृत्त लेफ्ट-बॅक म्हणून सांगते, ते अर्ध्या गोलाइतकं काम होतं. त्याचा रिप्ले सावकाश, नीट दाखवायला हवा होता.

त्याऐवजी काय दाखवलं? रेफरीचा कॅमेरा. या स्पर्धेत रेफरीच्या कानाजवळ छोटा कॅमेरा लावायची नवी टूम निघाली. पहिल्यांदा गंमत वाटते, खेळाडू किती जवळून, किती वेगाने अंगावर येतात ते कळतं. नव्या रेफरींना शिकवायला तर ते सोनं आहे. पण प्रेक्षकाला त्यातून खेळ कळत नाही, डोकं गरगरतं. रेफरीच्या कानावर कॅमेरा बसवता येतो तर स्टेडियमच्या छपराजवळून बावीसच्या बावीस खेळाडू दिसतील असं एक चित्र स्वतंत्र का देता येत नाही? दोन्ही क्लबांच्या विश्लेषकांकडे ते असतंच. ॲपमध्ये एक बटण द्या, ज्याला हवं तो दाबेल.

मध्यंतराचा संगीताचा कार्यक्रम वगळून पुढे जा. वरच्या प्रेक्षागृहात रंगमंच उभारला होता म्हणून गवत वाचलं, एवढं कौतुक. नियमात मध्यंतर पंधरा मिनिटांचं, इथे ते जवळजवळ 24 मिनिटं चाललं. दुपारच्या उन्हात खेळून आत गेलेले पाय इतका वेळ थंड पडले की काय होतं, हे कुठल्याही प्रशिक्षकाला विचारा. तेवढ्या वेळात पहिल्या दोन गोलांची चिरफाड सहज करून दाखवता आली असती.

लाल कार्डाचा प्रसंग मात्र उत्तम हाताळला. शेवटची काही मिनिटं उरली असताना पॅरिसच्या जोआव नेव्हेसने कुकुरेयाचे केस मागून ओढले. मैदानात ते रेफरी अलिरेझा फगानी यांच्या लक्षात आलं नाही, व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ तपासणाऱ्या सहायक रेफरीने, बोलावलं, पडद्यावर पाहून कार्ड निघालं. प्रेक्षकालाही तेच दिसलं जे रेफरी पाहत होते. लपवाछपवी नाही, ताणाताणी नाही. माझ्या मुली खो-खो हसल्या, कारण वेण्या ओढण्यावरून आमच्याकडे रोज एक तक्रार असते. आता त्यांना माहीत आहे की त्याला थेट बाहेर काढतात.

शिट्टीनंतरचा भाग तुमच्या आवडीवर. पॅरिसचे प्रशिक्षक लुइस एन्रिके आणि जोआव पेद्रो यांच्यातली झटापट आहे, ट्रम्प चषक देऊन झाल्यावरही मंचावरच उभे राहतात आणि पामरच्या चेहऱ्यावर 'हे अजून इथे का?' असा प्रश्न स्पष्ट वाचता येतो. तो क्लोज-अप पकडणाऱ्या कॅमेऱ्यामागच्या माणसाला तिसरा तारा.

वेळ कमी असेल तर सुरुवातीपासून 43 व्या मिनिटापर्यंत सलग पाहा, मग मध्यंतर ओलांडून देम्बेलेचा फटका, आणि बदली आलेल्या लियाम डेलापला डोन्नारुम्माने अडवलं ते. तीन गोल खाऊनही तो गडी ढिला पडला नाही. ठळक क्षणांची दहा मिनिटांची चित्रफीत घेऊ नका, तिच्यात फक्त पामर आहे. पूर्ण सामना लावलात तर चेंडू चेल्सीकडे आणि डाव्या बाजूला असताना पडद्याच्या वरच्या-खालच्या कडांवर नजर ठेवा. गुस्तो अधूनमधून तिथे फ्रेमच्या काठावर डोकावतो, हात वर करून चेंडू मागत असतो.