मॉडेलचं डॉक्युमेंटेशन: नुसतं गिट, ओडीडी की ट्रेस?

पर्यावरणाचं सिम्युलेशन मॉडेल करायला घेतलंय आणि त्याची नोंद कशी ठेवायची यावर गाडी अडली असेल, तर आधी वाचणाऱ्याला काय हवंय ते बघा. मॉडेल काय आहे ते, की ते असंच का झालं ते?

गिट, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर, बहुतेकांकडे असतंच. कुठली ओळ कधी बदलली ते चोख कळतं, जुनं व्हर्जन परत काढता येतं, पण कमिट मेसेज (बदल नोंदवताना, म्हणजे कमिट करताना लिहायची ओळ) असतात 'पॅरामीटर बदलला' छाप, आणि जे करून बघितलं पण जमलं नाही म्हणून कमिटच केलं नाही त्याचा तर मागमूसही राहत नाही. गिट हवंच, पण त्यावर भागत नाही.

ओडीडी (Overview, Design concepts, Details) म्हणजे मॉडेलचं वर्णन लिहायचं ठरावीक स्वरूप, 2006 चं, मुळात एजंट-बेस्ड मॉडेलसाठी (ज्यात प्रत्येक प्राणी किंवा झाड वेगळं धरतात), मग 2010 आणि 2020 मध्ये सुधारलेलं. सात भाग ठरलेले असतात त्यामुळे रिव्ह्यूअरला काय कुठे शोधायचं ते माहीत असतं. मला यातलं शेड्युलिंग सगळ्यात कामाचं वाटतं. एका टाइमस्टेपमध्ये (मॉडेलमधल्या वेळेच्या एका टप्प्यात) आधी झाडं पाणी ओढणार की आधी बाष्पीभवन होणार, हे स्पष्ट लिहावंच लागतं, आणि नुसता क्रम उलटला तरी कोरड्या मातीत उत्तर बदलू शकतं. पण ओडीडीत दिसतं ते तयार मॉडेल, टाकून दिलेले पर्याय नाही.

ते सांगायला ट्रेस, म्हणजे मॉडेल कसं बनवलं, कसं तपासलं आणि तसं का केलं याची नोंद ठेवायची पद्धत. 2010 मध्ये मांडलं, 2014 मध्ये नीट बसवलं, आठ भाग. त्यातल्या मॉडेलच्या वर्णनाच्या भागात ओडीडीच टाकतात, म्हणजे दोघांत भांडण नाहीच. बाकी डेटा किती भरवशाचा, कोड कसा तपासला, सेन्सिटिव्हिटी (इनपुट थोडं हललं तर उत्तर किती हलतं) काय आली वगैरे. आणि एक भेद फार भारी आहे: आउटपुट जुळलं ते कॅलिब्रेशन करून (मॉडेलमधले आकडे फिरवून) जुळवलं म्हणून, की मॉडेल बनवताना न वापरलेल्या डेटाशीही जुळलं? हे दोन वेगळे भाग आहेत. बऱ्याच पेपरात दोन्हीला सरसकट 'व्हॅलिडेशन' म्हणून मोकळे होतात.

ट्रेसचा त्रास म्हणजे लांबी. शेवटी एकदम लिहायला बसलात तर अर्ध्या गोष्टी आठवत नाहीत आणि मग कारणं मागाहून चिकटवली जातात. म्हणून रोजची वही ठेवायची, तारीख टाकून, प्रत्येक नोंदीला ट्रेसच्या भागाचं लेबल लावून. नोंद एवढीशी चालते: 'संकल्पना. पिल्लांचा मृत्युदर तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढवला, उन्हाळ्यात सगळी मेली, प्रत्यक्ष मोजणीत तसं नाही, म्हणून ठरावीक तापमानानंतरच वाढेल असं केलं.'

पेपर किंवा थीसिससाठी गिट अधिक ओडीडी पुरतं असं माझं मत. पण निकालावर कुणी खरा निर्णय घेणार असेल, म्हणजे कीटकनाशकाला परवानगी, धरणातून सोडायचं पाणी, मासेमारीची मर्यादा असलं काही, तर ट्रेसच करा. वही साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, कोडच्याच रेपॉझिटरीत (गिट सांभाळतं त्या फोल्डरमध्ये) ठेवा आणि नोंदीत कमिट नंबर टाका, म्हणजे कारण आणि कोड दोन्ही एका जागी सापडतं.