इआरपीनेक्स्टवर स्वतःचं अ‍ॅप : आठ महिन्यांचा अनुभव

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना. स्टॉक, विक्री, हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या इआरपीनेक्स्ट या सॉफ्टवेअरचं आमच्याकडे हे चौथं वर्ष. आधीच्या माणसाने डाईंगचा लॉट नंबर, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या मालाचा क्रमांक, चलनावर आणायला थेट मूळ कोडमध्येच हात घातला होता. दिवाळीच्या तोंडावर मी अपडेट मारलं, तर लोकल बदल आहेत म्हणून ते अडलं. घाईत रीसेट केलं, म्हणजे ते बदल पुसले, आणि लॉट नंबर फॉर्मवरून गेला. एकाच पार्टीला दोन लॉटचा मरून गेला, शेड जुळेना, गठ्ठे परत आले. दुरुस्तीचा आकडा ऐकला आणि स्वतःच शिकायला बसलो.

आता मूळ कोडला बोटही लावत नाही. डिलिव्हरी नोट (चलन) सबमिट होण्याआधीची आमची तपासणी वेगळ्या अ‍ॅपच्या हुक्स फाइलमध्ये (मूळ सॉफ्टवेअरला आपला कोड जोडायची जागा), डॉक इव्हेंट्सखाली (कागद सेव्ह किंवा सबमिट होताना काय चालवायचं ती यादी) एका ओळीत बसली. एका शेडचे दोन लॉट दिसले की चलन पुढे सरकतच नाही. अख्खा क्लास ओव्हरराइड करू नका, म्हणजे चलनाचा मूळ कोडच आपल्या कोडने बदलू नका. दोन अ‍ॅपनी तेच केलं तर शेवटी बसवलेलंच चालतं. डॉक इव्हेंट सगळ्यांचे चालतात.

आता फिक्स्चर, म्हणजे डेटाबेसमधल्या सेटिंगची अ‍ॅपसोबत जाणारी फाइल. यात माझे दोन रविवार गेले! कस्टमाइज फॉर्म या स्क्रीनवरून टाकलेली फील्ड (फॉर्मवरचे रकाने) डेटाबेसमध्ये राहतात, ती एक्सपोर्ट करून अ‍ॅपच्या फाइलीत आणावी लागतात. मी फिल्टर लावला नव्हता, तर जीएसटीच्या अ‍ॅपची सगळी फील्डही माझ्या फाइलीत येऊन बसली. मॉड्यूलच्या नावाने फिल्टर लावाच. शिवाय अकाउंटच्या ताईंनी लाइव्ह साइटवर 'लॉट'चं 'डाय लॉट' केलं, पुढच्या मायग्रेटला (अपडेटनंतर डेटाबेस जुळवून घ्यायची पायरी) परत 'लॉट'! दर वेळी फाइलीतलंच स्क्रीनवर चढतं. बदल टेस्ट साइटवर करायचा, एक्सपोर्ट करायचा, मगच लाइव्ह.

पहिले तीन महिने वाटायचं, एवढ्याशा कारखान्याला वेगळं अ‍ॅप कशाला. मत बदललं ते मामांच्या चादरीच्या युनिटमुळे. तिथे तेच अ‍ॅप बसवलं आणि पहिल्याच दिवशी चलनावर लॉट नंबर आला. अडलं फक्त मापावर: आमचा टॉवेल किलोवर, त्यांची चादर नगावर. म्हणून लॉटचं अ‍ॅप सामाईक ठेवलं, किलोचं वेगळं काढलं आणि त्याच्या 'रिक्वायर्ड अ‍ॅप्स'मध्ये, म्हणजे आधी लागणाऱ्या अ‍ॅपच्या यादीत, पहिल्याचं नाव टाकलं. इआरपीनेक्स्टनेही 14 व्या आवृत्तीत एचआर आणि जीएसटी असेच वेगळ्या अ‍ॅपमध्ये काढले.

परवा दोन्हीकडे अपडेट मारलं. संध्याकाळी मामांनी छापील चलनाचा फोटो पाठवला, लॉट नंबर जागेवर होता.