तांबी बाळंतपणातच बसवावी, की दीड महिन्याच्या लसीला?

पाळणा लांबवायचा आहे आणि तांबी (गर्भाशयात बसवायची कॉपर-टी) बसवायचं जवळपास ठरलंय, तर वेळा दोनच: बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत, नाहीतर दीड महिना उलटल्यावर. मधल्या दिवसांत बसवत नाहीत.

आपल्याकडे खरा प्रश्न असतो बाळंतपण कुठे होणार याचा. नाव पुण्यात कमला नेहरू रुग्णालयात घातलेलं, पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी बार्शीला, आणि बाळाची लस तिसऱ्याच ठिकाणी. अशा बाईने बाळंतपणातच बसवून घ्यावी, असं मला ठामपणे वाटतं. वार पडल्यावर दहा मिनिटांत बसवता येते. सिझेरियन असेल तर टाके घालण्याआधी. वेगळी खेप पडत नाही. मात्र अशी तांबी निसटण्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून दीड महिन्यानी तपासून घ्यायलाच हवी. ताप असेल, पाणी जाऊन 18 तासांहून जास्त झाले असतील किंवा रक्तस्राव आटोक्यात नसेल, तर डॉक्टर तेव्हा बसवत नाहीत. आणि संमती आठव्या महिन्यातच, नीट समजावून घेतलेली हवी. कळा सुरू झाल्यावर कागद पुढे करणं मला मुळीच मान्य नाही.

दीड महिन्यानी बसवलेली तांबी तुलनेने कमी निसटते, विचारालाही सवड मिळते. अडचण अशी की त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं. वजन होतं, पोलिओचे थेंब पडतात, पेंटाची सुई टोचली जाते आणि आई बाळाला छातीशी धरून घरी निघते. तिला कुणी काही विचारतच नाही! खासगीत तर बाळाचे डॉक्टर एकीकडे, तिचे दुसरीकडे. महापालिकेच्या दवाखान्यात लसीच्या रांगेत असतानाच विचारा, "सिस्टर, माझी तपासणीही आजच होईल का?"

"अंगावर पाजतेय, दिवस कसे राहतील?" हा भरवसा बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त आईचं दूध आणि पाळी न आलेली, एवढं सगळं जुळलं तरच. वरचं दूध सुरू झालं की तो संपला.

तांबी नकोच असेल तर सरकारी दवाखान्यात छाया या गर्भनिरोधक गोळ्या आणि दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन मोफत मिळतं. अंगावर पाजणाऱ्या आईला अंतरा दीड महिन्यानंतरच.

पुण्यातच राहणार असाल, दवाखाना जवळ असेल आणि मन अजून होत नसेल, तर खुशाल थांबा. ठरलं असेल, तर मात्र गरोदरपणाच्या तपासणी कार्डावर लिहून घ्या. बाळंतपणाच्या रात्री ड्यूटीवर दुसरंच कुणीतरी असतं.