एम. ए.ला ‘साहित्य आणि चित्रपट’ घ्यावा का? घ्याच!

आमच्या मराठी विभागात एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला हा ऐच्छिक पेपर असतो. चार क्रेडिट, एक सेमिस्टर. ज्युनिअर मुली सारखं विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

सिनेमे बघून मार्क मिळतील या आशेने येऊ नका. मॅडमचा नियम कडक होता : कादंबरी पूर्ण वाचल्याशिवाय सिनेमाच्या तासाला बसायचं नाही. आणि ‘पुस्तक भारी की सिनेमा’ हा वाद वर्गात घालायचा नाही. कादंबरीचा सिनेमा होताना काय सुटलं, काय नवं आलं आणि का, एवढंच बोलायचं.

‘बनगरवाडी’पासून सुरुवात झाली. व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीत तरुण मास्तर ‘मी’ म्हणून बोलतो. वाडी, कारभारी, मेंढरं सगळं आपण त्याच्या नजरेने बघतो. तो स्वतः कसा दिसतो, याचा विचारही मनात येत नाही. अमोल पालेकरांच्या १९९५च्या सिनेमात मात्र मास्तरच आपल्यासमोर उभा. त्याचं चालणं, त्याचं बुजणं आपण बाहेरून बघतो. मॅडमनी पुस्तकाची पहिली पानं मोठ्याने वाचून घेतली, मग सिनेमाची सुरुवात थांबवत थांबवत दाखवली. तेव्हापासून कुठलीही कादंबरी हातात घेतली की कोण बोलतंय आणि कुठे उभं राहून बोलतंय, हे मी आधी बघते.

खरी मजा ‘सिंहासन’ला. अरुण साधूंची ‘मुंबई दिनांक’ आधीची, ‘सिंहासन’ १९७७ची. या दोन कादंबऱ्यांतून विजय तेंडुलकरांनी एक पटकथा बांधली आणि जब्बार पटेलांनी १९७९मध्ये सिनेमा केला. इंटर्नलला आम्ही दोन्ही कादंबऱ्यांतली पात्रं एका मोठ्या कार्डशीटवर मांडली आणि पडद्यावर कोण आलं, कोण गळलं याच्या रेघा ओढल्या. शीट भरली तेव्हा पटकथा लिहिणं म्हणजे किती निर्दयपणे निवड करणं, ते दिसलं. त्यात सुरेश भटांचं ‘उषःकाल होता होता काळरात्र झाली’! खुर्चीच्या राजकारणात बुडालेल्या गोष्टीत हे गाणं येतं आणि खुर्चीबाहेरचा माणूस एकदम बोलायला लागतो. त्यावर आमचा अख्खा तास गेला, तरी पुरला नाही.

आता तक्रारी. हॉलच्या खिडक्यांना पडदे नाहीत, त्यामुळे दुपारच्या तासाला रात्रीचे प्रसंग नुसते काळे दिसतात. प्रकाशयोजनेबद्दल बोलणार कसं? त्याहून वाईट म्हणजे लेखी परीक्षा. सेमिस्टरभर एकेका दृश्यावर डोकं लावायचं आणि पेपरात येतं ‘माध्यमांतराची (म्हणजे एका माध्यमातली कलाकृती दुसऱ्यात नेण्याची) संकल्पना स्पष्ट करा’. गाईड पाठ करणारा आणि सिनेमा तीनदा बघणारा, दोघांना सारखेच मार्क पडतात. निदान एका प्रश्नासाठी तरी परीक्षेत पाच मिनिटांचं दृश्य दाखवायला हवं.

मराठीत संदर्भग्रंथ कमी मिळतात. पुण्यात असाल तर लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं ग्रंथालय आहे, तिथे जाऊन बसा.

तरीही पाचपैकी चार देते, एक परीक्षेसाठी कापला. पेपर घेणार असाल तर साधूंच्या दोन्ही कादंबऱ्या सुट्टीतच वाचून काढा. सेमिस्टर सुरू झालं की ते जमत नाही.