सी.पी.च्या (सेरेब्रल पाल्सी) पोरांसाठी जळगावातलं हे फिजिओ सेंटर: आमचा अनुभव (4 तारे)

मी अमळनेर डेपोत कंडक्टर आहे. आमची पोरगी सहा वर्षांची. सातव्या महिन्यात जन्मली, दोन्ही पाय कडक, उभं केलं की कैचीसारखे एकमेकांवर चढतात. डॉक्टरी भाषेत स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने होणाऱ्या सी.पी.चाच एक प्रकार. हात बऱ्यापैकी चालतात आणि बोलण्यात ती कोणाला हार जात नाही. आजूबाजूच्या गावांतले पालक सारखे फोन करून या सेंटरबद्दल विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहितो.

आधीच सांगतो, मशिनी बघायच्या असतील तर इथे निराशा होईल. यापूर्वी आम्ही एका ठिकाणी जायचो, तिथे पायाला करंट लावून पोरीला पडून ठेवायचे आणि महिन्याच्या पॅकेजचे पैसे आधी घ्यायचे. इथे आत गेलं की गाद्या, भिंतीला लाकडी दांडे, एक मोठा आरसा, वेगवेगळ्या उंचीची स्टुलं आणि गोल लोड. बायको पहिल्या दिवशी माझ्या कानात म्हणाली, "इथं तर काहीच नाही."

इथल्या फिजिओ मॅडमनी आमची फाइल नंतर उघडली. आधी पोरीलाच विचारलं, "तुला काय करायचंय?" पोरगी म्हणाली, "आखाजीले झोक्यावर बसनं शे. मम्मीनी धराले नको." आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, निंबाला झोके टांगतात, मामाच्या गावच्या सगळ्या पोरी त्यावर, आणि ही आजीच्या मांडीवर. मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं आणि पुढचा सगळा व्यायाम त्याच्याभोवती लावला. लोडावर दोन्हीकडे पाय टाकून बसायचं, म्हणजे मांड्या आपोआप फाकतात. मग वरून लोंबणारे दोन दोर धरून तोल सांभाळायचा. मॅडम लोड हळूच डावी-उजवीकडे हलवणार.

दुसरा व्यायाम टिकल्यांचा. पोरीला आरशासमोर स्टुलावर बसवतात, हातात टिकल्यांचं पाकीट. प्रत्येक टिकली आरशावर आधीच्या टिकलीपेक्षा उंच चिकटवायची. दोन-तीन टिकल्यांनंतर हात पुरत नाही, मग उठावंच लागतं. गुडघे थरथरतात, टाचा वर होतात, मॅडम फक्त गुडघ्यामागे दोन बोटं लावून बसलेल्या असतात. उचलत नाहीत. आठवडाभर बरं जमलं की स्टूल बदलून बुटकं आणतात, कारण बुटक्यावरून उठायला मांडीत जास्त ताकद लागते. माझी माय एकदा सोबत आली होती, तिला हे बघवेना. "पोरले काब्र इतलं रडावतस व माय?" मॅडमनी तिलाच जवळ बसवून टिकल्यांचं पाकीट तिच्या हातात दिलं. तेव्हापासून घरचा व्यायाम माय घेते, आणि आमच्यापेक्षा कडक घेते.

मॅडम खोटी आशा दाखवत नाहीत, हे मला सगळ्यात आवडलं. मेंदूला झालेली इजा वाढत नाही, पण जातही नाही. पोर उंच होते तशी हाडं लांब होतात, कडक स्नायू मागे पडतात, म्हणून वाढीच्या वयात दुर्लक्ष चालत नाही, हे त्यांनी चित्र काढून समजावलं. पाच मिनिटं पाय ओढून स्नायू लांब होत नाही, तो बराच वेळ ताणलेल्या स्थितीत राहावा लागतो, म्हणून स्प्लिंट, म्हणजे पाय ताणून धरणारा प्लास्टिकचा साचा. खुब्याचा एक्स-रे त्यांनीच काढायला लावला आणि हाडांच्या डॉक्टरकडे पाठवलं. अशा पोरांचा खुबा न दुखता हळूहळू सरकू शकतो, हे आम्हाला तोवर कोणी बोललंच नव्हतं. कडक स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सच्या इंजेक्शनचं विचारलं तर म्हणाल्या, असर साधारण तीन महिने, त्या काळात व्यायाम जोरात होणार असेल तरच पैसे घाला. आणि स्टेम सेलवाल्यांच्या नादी लागू नका, आयसीएमआरने (सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) सी.पी.साठी तो उपचार मान्य केलेला नाही.

स्प्लिंटचं थोडं सविस्तर, कारण आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, आणि पोरीच्या पायात गुडघ्याखालपर्यंत प्लास्टिक. सुती, शिवण न टोचणारे लांब मोजे घाला, घामाने ओले झाले की बदला. स्प्लिंट काढल्यावर जो लाल वळ दिसतो तो अर्ध्या तासात गेला पाहिजे. नाही गेला तर तशीच चढवू नका, सेंटरवर दाखवून त्या जागी प्लास्टिक घासून आणा. आमचं एकदा घोट्यापाशी असं झालं, त्याच दिवशी दुरुस्त करून मिळालं, जादा पैसे घेतले नाहीत.

वॉकर मात्र पाठीमागे ओढत न्यायचा घ्या. पुढे ढकलायच्या वॉकरवर आमची पोरगी वाकून लोंबायची, मागच्यात ताठ उभी राहते.

पैशांचं. एका वेळेला 300 रुपये, पॅकेज नाही, आलात तर द्या. नॅशनल ट्रस्टच्या (दिव्यांगांसाठीची केंद्र सरकारची संस्था) निरामय आरोग्य विम्यात वर्षाला 1 लाखापर्यंत खर्च मिळतो आणि थेरपीही त्यात बसते, पण त्यासाठी तारखेची, शिक्क्याची पावती लागते. काउंटरवर मागितल्याशिवाय देत नाहीत, मागा. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा. एसटीत दिव्यांगाला 75 टक्के सवलत आहे, आणि आईचं तिकीट महिला सन्मान योजनेत तसंही अर्धं. तरीही फी जड जात असेल तर आधी सरकारी डीईआयसीत (मुलांच्या तपासणी-उपचाराचं जिल्हा केंद्र) दाखवा, तिथे 0 ते 18 वयाच्या मुलांना पैसे लागत नाहीत.

आखाजीचं विचाराल तर बसली. झोका मुद्दाम पाय टेकतील इतका खाली बांधला होता, बायको समोर हात मागे बांधून उभी, आणि पोरगी ओरडत होती की अजून जोरात.

आता एक तारा का कापला ते. दिलेली वेळ इथे कधीच पाळली जात नाही. दहाची वेळ असेल तर अकरा धरून चला, आणि धरणगाव-पाळधीकडून येणाऱ्यांची परतीची गाडी हमखास चुकते. सोमवारी तर जाऊच नका, गुरुवारी सकाळी गर्दी कमी असते. बोलण्याची थेरपी हवी असेल तर ती इथे नाही. आणि संडासाचं दार इतकं अरुंद आहे की वॉकर आत जात नाही, पोरीला उचलूनच न्यावं लागतं. अपंग पोरांच्या सेंटरला हे शोभत नाही. मॅडमना दोनदा सांगितलंय, त्या म्हणतात घरमालक ऐकत नाही. दार रुंद झालं की कापलेला तारा परत देतो.